दुधावरची साळ

पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या त्या अंगाला दोन शाळा होत्या आणि दोघींच्या मधोमध रेल्वेचं फाटक. फाटकाच्या अलीकडे गावातली, पारालगतची. तिला सगळे पाराची शाळा म्हणत. पलीकडे, उसाला पाणी नेणाऱ्या चारीच्या काठावर दोन खोल्यांची दुसरी. ती चारीची शाळा. आता चारीत पाणी नव्हतं. ऊसही निम्माच उरला होता. बाकीच्या रानात पत्र्याच्या खोल्या उगवल्या होत्या आणि त्या खोल्यांतली माणसं मागच्या काचेच्या इमारतींवर विटा-वाळू चढवत होती. चारी गेली, नाव राहिलं. नावं म्हाताऱ्या माणसांसारखी असतात. घर पाडलं तरी ओट्यावर बसून राहतात.

प्रियदर्शनी काळबांडे बाई या चारीच्या शाळेवर चौदा वर्षं होत्या. राहायला वारज्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी दोन बस, संध्याकाळी दोन बस, आणि उजवा गुडघा पायरीगणिक आपलं म्हणणं मांडणारा. शाळेत एकतीस मुलं, चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातले एक गुरुजी जनगणनेच्या कामाला गेलेले. तेव्हा बाई एका खोलीत पाढे सुरू करून द्यायच्या आणि दुसऱ्या खोलीत कविता. मधल्या दारात उभ्या राहिल्या की एका कानात सात सक बेचाळीस आणि दुसऱ्या कानात चिमणी.

त्या फेब्रुवारीत वरून पत्र आलं. इतक्या जवळ दोन शाळा कशाला? एक ठेवायची, दुसरी तिच्यात मिळवायची. कोणती ठेवायची हे दोन्हीकडच्या मुलांच्या वाचनावरून ठरवा. तपासणीला बाहेरचं माणूस मिळेना, सगळी माणसं मोजायला गेलेली, म्हणून केंद्रप्रमुख भीमरावसाहेबांनी युक्ती काढली: चारीच्या बाईंनी पाराची मुलं तपासायची आणि पाराच्या सरांनी चारीची. दहा-दहा मुलं, प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्ता आधी पेन्सिलीनं भरायचा. गुरुवारी केंद्रावर दोघांनी समोरासमोर बसायचं, तक्ते एकमेकांना दाखवायचे आणि मग वरून शाई फिरवायची.

बाईंना स्वतःची काळजी नव्हती. शाळा मिटली तर त्यांची बदली होईल, कदाचित घराजवळही होईल. गुडघा दुवा देईल. काळजी होती ती फाटकाची. वस्तीतले आईबाप सात वाजताच कामावर जात. पोरं आपापली शाळेत यायची, कडेवर भावंडं घेऊन, चारीच्या कडेकडेनं. त्यांना फाटक ओलांडून कोण नेणार? फाटक पडलेलं असलं तरी माणसं खालून वाकून जात, मोटरसायकली आडव्या करून जात. उघडलं की उसाचे ट्रॅक्टर, सिमेंट घुसळणाऱ्या गाड्या आणि कंपन्यांच्या घाईतल्या कॅब एकदमच सुटत. त्यातून सात वर्षांची मुलगी कोणी सोडणार नाही. मुलगे जातील कसेबसे. मुली घरी राहतील, भावंडं सांभाळतील. एकतीसमध्ये सतरा मुली होत्या.

सोमवारी बाई पाराच्या शाळेत गेल्या. तिथे कुंपणाला भिंत होती, भिंतीवर बाराखडी रंगवलेली. संडासाला फरशी होती. एका खोलीत प्लॅस्टिकच्या बुरख्यात सहा संगणक होते. धूळ लागू नये म्हणून मुलांचे हातही लागू दिले जात नव्हते. आणि एवढ्या सगळ्यात मुलं चव्वेचाळीस. ज्यांनी बिल्डरांना जमिनी विकल्या त्यांची पोरं पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला जात. उरली होती ती विकायला जमीन नसलेल्यांची.

"बघा, बसा, तपासा," हिंदुराव सर म्हणाले. हे पाराच्या शाळेचे मुख्याध्यापक, गावातलेच, वर्षभरात निवृत्त होणारे. बोलणं थोडं, पण त्यातला तिरकेपणा भरपूर. "माझा नातूसुद्धा त्या पिवळ्या बसमध्येच असतो. फाटकात बस थांबली की मला बघून हात हलवतो. आजा सरकारी, नातू इंग्रजी. मधल्या माणसानं काय ते बघून घ्यावं."

बाई हसल्या आणि वाचनाची पत्रं काढली. तिसरीतला साईनाथ उभा राहिला, पत्र नाकाजवळ धरलं. पत्रावर छापलं होतं, 'विहिरीत पाणी आहे, पण कोणी काढत नाही.' साईनाथनं खणखणीत वाचलं, "हिरीत पानी हाय, पन कोनी काढत न्हाय."

बाईंची पेन्सिल थांबली. "का काढत नाही रे?"

"काढंल कसं बाई? हीर बुजवली ना. आमच्या हिरीवरच बिल्डिंग हाय. लिफ्ट हाय तिथं, हीर जिथं होती तिथंच. आजा म्हनतो, आधी बादली खाली जायाची, आता मानसं वर जात्यात."

बाईंनी दहापैकी दहा लिहिले. ज्या पोराला वाचलेलं इतकं आरपार कळतं, त्याचा ण कुठे सांडला हे शोधत बसायला त्यांचं मन धजलं नाही. ऋतुजा नावाच्या मुलीनंही 'पाणी'चं 'पानी' केलं. तिला नऊ, तेही ती मध्येच अडखळली म्हणून. दहाजणांची बेरीज एक्क्याऐंशी झाली.

चहा आला. सर बशीत चहा ओतत म्हणाले, "बुधवारी मी येतो तुमच्याकडं. आधीच सांगून ठेवतो, मागनं बोल नको. मी उच्चार काटेकोर बघणार. शाळेला 'शाया' म्हणणाऱ्याला निम्मेच गुण. ळ येत नाही म्हणजे अक्षर येत नाही."

"ती त्यांची बोली आहे सर. सगळी विदर्भातून आलेली माणसं. वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, सगळीकडे असंच बोलतात."

"बोलू देत की. मी वाचन तपासणार आहे, गप्पा नाही."

बाई उठल्या. आपल्या तक्त्यातल्या साईनाथच्या दहाबद्दल त्या बोलल्या नाहीत. का नाही, ते त्यांना बसमध्येही सांगता आलं नाही. दमलेल्या माणसाला उत्तरं अशीच दोन स्टॉप उशिरा सुचतात, आणि तोवर सुचूनही काही उपयोग नसतो.

ळ बाईंना नवा नव्हता. त्या स्वतः वाशीमकडच्या. गावाकडे सगळे 'कायबांडे' म्हणत. आडनावातला ळ शाळेच्या दाखल्यावर तेवढा राहायचा, पाहुण्यासारखा. एकोणिसाव्या वर्षी त्या डी.एड.ला पुण्यात आल्या, सदाशिव पेठेत एका खोलीत राहिल्या. घरमालकीणबाई दुष्ट नव्हत्या, फक्त चोख होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ताट वाढलं आणि म्हणाल्या, "अहो, पोयी म्हणजे काय? मी पोळी केली आहे. पोयी हवी असेल तर आपल्याला दुसरीकडे सोय बघावी लागेल." तीन महिने बाई आरशासमोर जीभ मागे वळवत राहिल्या. दिवाळीला घरी गेल्या त्या स्वच्छ ळ घेऊनच. आई कापूस वेचत होती. लेकीचं बोलणं तिनं ऐकून घेतलं आणि वेचत पुढे गेली. ओळीच्या टोकाला गेल्यावर तिथून तिचा आवाज आला,

पुन्याहून आली लेक, बोली ठेवली दारात,
पोथीवानी बोले आता, माय ऐकते घरात.

मंगळवारी बाईंनी पाढे बंद ठेवले, कविता बंद ठेवली. दोन्ही खोल्यांतली एकतीस मुलं एकाच खोलीत बसवली आणि ळ सुरू केला. जीभ मागे न्या. टाळूला लावा. आता सोडा. ळ. पोरांना मजा वाटली. शंभू नावाचा पहिलीतला जीभ बोटानंच वळवू लागला. खोलीभर ळ ळ ळ चालू झालं, जसं तळ्यात बेडकांचं चालतं. पण वाचायला दिलं की पुन्हा 'कायी', पुन्हा 'सकायी'. मधल्या सुट्टीपर्यंत बाईंचा घसा बसला. खिचडी वाढून झाली, पोरं परत आली, घड्याळात दोन वाजले. गुडघा ठणकत होता. तेव्हा त्यांनी चौदा वर्षांत म्हटलं नव्हतं असं एक वाक्य म्हटलं, सोपं जावं म्हणून.

"हे बघा. तुम्ही जिथे जिथे य म्हणता ना, तिथे ळ असतो. एवढं लक्षात ठेवा, बस."

चौथीतली भाग्यश्री पहिल्या ओळीत बसली होती. वस्तीतल्या दुर्गाबाईची मुलगी, वर्गात सगळ्यात नीट वाचणारी. तिनं ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

बुधवारी हिंदुराव सर आले. बुटांवरचा चारीचा धुरळा झटकला, खुर्ची दाराशी ओढली. पहिल्या काही मुलांनी जसं यायचं तसं वाचलं, कुठे ळ, कुठे य. सरांच्या तक्त्यात पाच, सहा, पाच असे आकडे पडत गेले. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग भाग्यश्री उठली. वेणीला नवी रिबीन होती. पत्र हातात घेऊन तिनं आधी सगळं मनात वाचलं, ओठ हलवत. पत्रावर होतं, 'आमची गाय काळी आहे. तिचे पाय पांढरे आहेत. सकाळी तिच्या दुधावर जाड साय जमते.'

भाग्यश्रीनं श्वास घेतला आणि एकेक अक्षर जिभेवर तोलत वाचलं, "आमची गाळ काळी आहे. तिचे पाळ पांढरे आहेत. सकाळी तिच्या दुधावर जाड साळ जमते."

खोलीत कोणी हसलं नाही. पोरांना काही चुकलंय असं वाटलंच नव्हतं. उलट दोघं-तिघं बाईंकडे बघत होती, कसं वाचलं बघा, अशा डोळ्यांनी. भाग्यश्रीसुद्धा बघत होती. तिचे सगळे ळ जागच्या जागी होते आणि नसलेल्या जागीही होते.

सरांनी पत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "गाळ काळा असतो, ते बरोबर. पाळ म्हणजे कानाची पाळ म्हणू. पण बाई, दुधावर भाताची साळ यायला लागली तर कोंबड्यांची चंगळ होईल." मग मुलीचा चेहरा बघून त्यांनी आवाज उतरवला. "ळ मात्र स्वच्छ हाय हां पोरी. एकदम स्वच्छ." आणि तक्त्यात तीन लिहिले.

भाग्यश्री खाली बसली. थोड्या वेळानं तिनं हळूच वही उघडली आणि कालचं रेघ मारलेलं वाक्य पुन्हा वाचलं. कुठे चुकलं ते शोधत होती. बाईंनी ते पाहिलं. तिच्याजवळ जाऊन सांगायला हवं होतं, बाळ, वाक्यच चुकीचं होतं. पण सर पुढच्या मुलाचं नाव विचारत होते आणि बाईंचा घसा कालपासून बसलेलाच होता. सुट्टी झाल्यावर त्यांनी सांगितलं. भाग्यश्रीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बाई, गायीले काय म्हनू?"

"गाय. तू म्हणतेस तेच."

"अन् कायीले?"

बाईंनी तिच्या रिबिनीची सुटलेली गाठ बांधली. "तेही सांगीन. आज नको."

गुरुवारी केंद्रावर तिघं बसले. टेबलावर जनगणनेच्या कागदांचे गठ्ठे होते, ते भीमरावसाहेबांनी कोपरानं सरकवले. तक्ते समोरासमोर आले. पाराची शाळा एक्क्याऐंशी. चारीची शाळा त्रेपन्न.

"फरक मोठा दिसतोय," साहेब म्हणाले. "काही म्हणायचंय बाई?"

"एक म्हणायचंय. मी पाराच्या मुलांचा ण सोडून दिला. पाणीला पानी, कोणीला कोनी. आहेला हाय. त्याचे गुण कापले नाहीत. सरांनी आमच्या मुलांचा ळ धरला. एकच नियम लावा. दोघांचं धरा किंवा दोघांचं सोडा."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"पानी म्हणणं चूक नाही," ते म्हणाले. "ती बोली आहे."

"आणि शाया?"

"ती पण असंल बोली. नाही कोण म्हणतंय? पण ती इथली नाय बाई." आता त्यांचं पुस्तकी बोलणं सुटत चाललं होतं. "तुम्हाला खोटं कशाला सांगू. माझ्या आज्यानं जागा दिली त्या शाळेला. रानं गेली, हिरी गेल्या, पोरं बसमधनं गेली. गावात गावाचं म्हणून ती एक शाळा राहिली हाय. ती तुमच्या दोन खोल्यांत मिळवायची? मी नियम लावला, आधी सांगून लावला. तुम्ही नाय लावला, तो तुमचा चांगुलपणा. माझ्याकडं त्याला रकाना नाय."

बाईंना राग यायला हवा होता. आला नाही. समोरचा माणूसही आपल्याइतकाच दमलेला दिसत होता, आणि दमलेल्या माणसाशी भांडणं म्हणजे भिजलेलं लाकूड पेटवण्यासारखं.

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "अजून पेन्सिलच आहे बाई. तुमचा तक्ता तुमच्या हातात. ण-बिण धरायचा असेल तर आत्ता धरा. माझी हरकत नाही. मग दोन्ही सारख्याला येतील, मी वर लिहीन, दोन्ही राहू द्या. पण शाई फिरवल्यावर खाडाखोड चालणार नाही."

त्यांनी खोडरबर पुढे सरकवलं.

बाईंनी ते घेतलं. सतरा मुली त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या, नावानिशी. पहिल्या ओळीत साईनाथ होता, त्याच्यापुढे दहा. त्यांनी ते खोडले. कागदावर करडा डाग राहिला. आता तिथे पाच लिहायचे. हिरीला तीन गुण कमी, पानीला एक, हायला एक. हिशोब अवघड नव्हता. सरांनी मान वळवून त्या डागाकडे पाहिलं. कपाळावरचा घाम तेवढा पुसला.

पेन्सिल टेकली आणि तिथेच राहिली. त्या पोरानं विहिरीबद्दल जे सांगितलं होतं ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. उद्या त्याला कळेल, पाच पडले. कशाला पडले विचारेल, आणि कोणीतरी त्याला सांगेल, तू घरी बोलतोस तसं बोललास म्हणून. मग तोही जीभ वळवत बसेल कुठेतरी. मंगळवारी एकदा हे करून झालं होतं, एकतीस पोरांना एका खोलीत बसवून. पुन्हा करायचं बळ बाईंच्या हातात नव्हतं. याला चांगुलपणा म्हणावं की थकवा, हे त्यांना ठरवता आलं नाही.

त्यांनी डागावरच पुन्हा दहा लिहिले आणि शाई फिरवली. एकेक करून सगळ्यांवर फिरवली.

बाहेर पडताना सर त्यांच्यामागून आले. जिन्यात थांबले. "बाई, बदली नका मागू. इकडंच या, पारावर. तुमच्या पोरांचं बोलणं मला सगळं कळंलच असं नाय."

"बघते," बाई म्हणाल्या. रेलिंग धरून त्या एकेक पायरी उतरल्या.

त्या दिवशी त्यांनी परतीची बस सोडली आणि वस्तीवर गेल्या. पत्र्याच्या खोल्यांतून चुलींचा धूर निघत होता, मागच्या काचेच्या इमारतींत दिवे लागत होते. दुर्गाबाई नुकतीच कामावरून आली होती. केसांत सिमेंट, हातात पीठ. भाग्यश्री धाकट्याला मांडीवर घेऊन थोपटत होती. बाईंनी उंबऱ्यात बसून सांगितलं: जूनपासून ही शाळा बंद. मुलं पाराच्या शाळेत.

दुर्गाबाईनं भाकर थापता थापता ऐकलं. मग म्हणाली, "बाई, खरं सांगा. कोनती शाया चांगली? तुमची का ती?"

हा प्रश्न कुठल्याच तक्त्यात नव्हता.

"तिथे संडास आहे. भिंत आहे. संगणक आहेत, भांडून उघडायला लावावे लागतील. सर बोलायला तिरके आहेत, पण मुलीला घालूनपाडून बोलणार नाहीत. आपल्याकडे यातलं काही नाही. आपली शाळा जवळ होती, एवढंच तिचं चांगलं."

"अन् तुमी व्हत्या."

"मी तिकडे जाईन. बदली मागणार नाही."

"ते ठीक हाय. पन फाटक? मी सातलाच जातो कामावर. इचा बाप त्याच्याबी आधी. एवढ्या गाड्यांतून ही पोट्टी दोन लेकरं घेऊन जाईन कशी?"

"दहाला सगळ्यांनी चारीवर जमायचं. मी तिथे येईन. सगळ्यांना धरून मी फाटक ओलांडीन, संध्याकाळी परत आणून सोडीन."

"तुमी? वारज्यावरून?"

"आधीची बस पकडेन."

"रोज?"

"रोज."

"पावसायात बी?"

"पावसाळ्यातही."

दुर्गाबाईनं बाईंच्या पायांकडे पाहिलं. गुडघा त्यांनी उंबऱ्याबाहेर सरळ ताणून ठेवला होता. तिनं आश्वासनं पुष्कळ पाहिली होती. ठेकेदाराची, मुकादमाची, निवडणुकीतली. भाग्यश्री थोपटायची थांबली होती आणि आईकडे बघत होती.

"पाहू," दुर्गाबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकर उलटली.